कोहनदेझ नावाची परवानगी

कर्मान, ९ तीर १३०७

आदरणीय खान दादाश यांस,

सविनय सलाम. हे पाचवं पत्र. आधीच्या चारांना उत्तर आलं नाही, तो टपालाचा दोष म्हणून सोडून देतो. पिस्त्याची पोती मात्र त्याच वाटेने तुमच्याकडे वेळेवर पोचतात, असं नायब सफरअली सांगतो.

काम एका ओळीचं आहे. लुत्फअली आणि त्याची मुलगी फरंगीस यांनी कोहनदेझ हे नाव लावायला माझी हरकत नाही, एवढं लिहून खाली सही करायची. नोंदणी कचेरीला तेवढं पुरतं.

कचेरीत नवा अधिकारी आला आहे. हिवाळा लागेपर्यंत ज्याने आडनाव नोंदवून सिजिल, म्हणजे ओळखीचा सरकारी दाखला, घेतलं नाही, त्याला तो स्वतःला सुचेल ते नाव देणार आहे. परवा एका चपला शिवणाऱ्याला त्याने त्याच्या गावच्या ओढ्याचं नाव देऊन टाकलं. ओढा कोरडा आहे.

फरंगीसला मुलींच्या सरकारी शाळेत शिक्षिका म्हणून घ्यायला तयार आहेत. निरीक्षकाने सिजिल मागितलं आहे. घाई तिच्यासाठी आहे. मी स्वतःसाठी मागत नाही.

तीन वर्षांपूर्वी कचेरीत काय झालं ते तुमच्या कानावर आलं नसावं, म्हणून लिहितो. सरकारने पदव्या रद्द केल्या आणि तुम्ही वसीक-उल-ममालिकचे एका दिवसात नुसते अबुलफत्ह झालात. तुमची तार आली: चांगलं नाव शोध, जुनं वाटेल असं. मी आठवडाभर शोधलं. कोहनदेझ. जुना किल्ला. आपल्या आजोबांनी किल्ला बाहेरूनच पाहिला होता. सुभेदाराच्या खेचरांना ते गवत पुरवायचे. पण नाव अंगावर बसलं. आता तर तुमच्या मुलांना ते जन्मापासूनचं वाटतं.

तेव्हाचा कारकून तेहरानचा होता, तरणा. म्हणाला, “मिर्झा, नाव तुम्ही शोधलंत, रांगेत तुम्ही उभे आहात. आधी तुमचंच लिहितो.”

“थोरल्यांच्या आधी माझं?”

“कायदा वाचलात का? जो आधी नोंदवेल, नाव त्याचं. मागून येणाऱ्याने त्याची लेखी परवानगी आणायची.”

“मग खान दादाशांचं आधी लिहा. परवानगीचं काय, गुरुवारच्या टपालाने येईल.”

तो हसला. “तुमच्या कर्मानात दोन माणसं दारात उभी राहून ‘आधी आपण, आधी आपण’ करत उन्हात करपतात म्हणे.”

“आम्ही त्याला रीत म्हणतो.”

“म्हणा बापडे. चला, पुढचा कोण?”

तो गुरुवार अजून यायचा आहे.

वहिनींना सलाम. मुलांना आशीर्वाद.

तुमचा धाकटा,
लुत्फअली


कर्मान, २ मुरदाद १३०७

खान दादाश,

सफरअली येऊन गेला. साखरेच्या दोन ढेपा आणि तेहरानच्या मिठाईचा डबा घेऊन आला. तुमचा कारभारी वीस वर्षं माझ्या दारावरून जातो, आत येऊन बसला तो पहिल्यांदाच.

“लुत्फी मिर्झा, खान तुमची फार आठवण काढतात.”

“कधीपासून?”

“गेल्या आठवड्यापासून.”

माणूस प्रामाणिक आहे. चहाचे तीन पेले झाल्यावर त्याने कोटाच्या आतून वर्तमानपत्र काढलं. मला वाटलं, तुमचं आणखी एखादं भाषण असेल. माझं अक्षर होतं. सतरा वर्षांनी भेटलं. सुभेदाराला लिहिलेलं ते पत्र कोणीतरी दप्तरातून काढून जसंच्या तसं छापलं आहे: ‘नूरअली रंगाऱ्याच्या तळघरात आहे. पहाटेपूर्वी माणसं धाडल्यास सापडेल.’ खाली तुमची मोहोर. शाई थोडी फाकली आहे, बाकी स्वच्छ.

नूरअली तुम्हाला आठवत असेल. तुमच्या गालिच्यांच्या कारखान्यात नक्षीचा कागद हातात धरून तो रंग ओरडायचा, दोन लाल, एक निळा, पुन्हा लाल, आणि मागावरचे सगळे त्याच्या आवाजावर गाठी मारायचे. जेवणाच्या सुट्टीत त्याच आवाजात वर्तमानपत्र वाचून दाखवायचा. मजलिस, कायदा, प्रजेचा हक्क. लोक भाकरी हातात धरून ऐकत राहायचे. पकडल्यावर तिसऱ्या दिवशी त्याला चौकात टांगलं. चार महिन्यांनी तुम्हाला पदवी आली, आणि सोबत दोन गावं, पाण्यासकट. तिथून पुढे सगळं भराभर झालं. मजलिसमधली खासदारकी, तेहरानचं घर, विजेचे दिवे, पोरं पॅरिसला. आता मंत्रिपद दारात आलं आणि त्याच वेळी हा कागद.

सफरअलीने मिठाईचा डबा माझ्याकडे सरकवला. म्हणाला, “खानांचं म्हणणं असं, की मोहोर तर तुमच्याच गळ्यात असायची.”

“असायची. खानांच्या बोटांना शाई लागायची म्हणून.”

“मग तेवढंच लिहा की. मोहोर माझ्याकडे होती, पत्र मी लिहिलं, मोहोर मीच मारली. खानांना पत्ता नव्हता.”

“आणि आमच्या नावाचं?”

“कागदाला कागद.” त्याने स्वतःच एक मिठाई तोंडात टाकली. “मिर्झा, तुम्हाला कोण फासावर देतंय आता? ते सरकारही गेलं, तो सुभेदारही मेला. चार दिवस लोक बोलतील.”

“तुम्ही लिहाल?”

“मला लिहिता येत नाही. देवाची कृपा.”

खान दादाश, मी तुमच्यासाठी पुष्कळ लिहिलं. मजलिसमधली भाषणं लिहिली. सासरे गेले तेव्हा वहिनींना तुमचं दुःख लिहून कळवलं. आपल्या घराण्याचा वंशवृक्ष रंगवला, सहाशे वर्षांचा; बुंध्याशी एक वजीर बसवला, त्याला दाढीही दिली. त्या झाडावर आपल्या वडिलांच्या नावाखाली तुमच्या शेजारी एक फांदी कोरी आहे, ती पाहिलीत का? तिच्यावर मी स्वतःहून नाव घातलं नाही. तुम्ही सांगाल तेव्हा घालावं म्हणून थांबलो. दिवाणखान्यात ते चित्र लावल्याला आता नऊ वर्षं झाली.

ते पत्र तुम्ही सांगितलंत आणि मी उतरवून घेतलं. एक अक्षर माझं नव्हतं. हे खोटं मी लिहिणार नाही.

साखर परत पाठवतो आहे. मिठाईचा डबा उघडला होता, तो ठेवून घेतला.

लुत्फअली


कर्मान, १८ शहरीवर १३०७

खान दादाश,

सोबतचा कागद पाहावा. तुम्हाला हवा तसा आहे.

निरीक्षक पुन्हा येऊन गेला. शाळा मेहर महिन्यात उघडते. फरंगीसचं म्हणणं, “बाबा, नाव कुठलंही चालेल. ओढ्याचं चालेल, डोंगराचं चालेल. मला वर्गात जायचंय.” बावीस वर्षांची आहे, तिला वाटतं नाव म्हणजे खुंटी, काहीही टांगा. गावात अजून लोक मला वडिलांच्या हुद्द्यावरून ‘अमीन-ए-दफ्तरचा तो दुसरा’ म्हणतात, हे तिला माहीत नाही. किंवा माहीत आहे आणि तिला काही वाटत नाही. मला वाटतं.

माझ्या आईचं लग्न मुदतीचं होतं, पण लग्न होतं. मुल्लाने लावलं होतं, साक्षीदार होते. वडिलांनी मुदत दोनदा वाढवली. तिसऱ्या वेळी तुमच्या आईने दौत लपवली असं घरातल्या बायका हसत सांगायच्या. वडिलांनी दुसरी दौत मागवली नाही, ते मात्र कोणी सांगत नसे. लग्नाचा कागद तुमच्याकडच्या लोखंडी पेटीत आहे. तो मागत नाही. ती परवानगीची ओळ आली, की त्या कागदाची मला गरज उरणार नाही.

एकाच शब्दाबद्दल लिहितो. सफरअलीने आणलेल्या मसुद्यात मी ‘खानसाहेबांच्या पदरचा कारकून’ असा होतो. मी ते खोडून ‘खानसाहेबांचा धाकटा भाऊ’ असं लिहिलं आहे. अक्षर बारीक काढलं आहे, डोळ्यांत भरणार नाही. बाकी मजकुराला मी हात लावलेला नाही. तेवढं राहू द्यावं.

परवानगीच्या कागदावर मुलीचं नाव फरंगीस असं पूर्ण घालावं. तिला घरात फरी म्हणतात, ते नको.

तुमचा धाकटा,
लुत्फअली


कर्मान, ७ आबान १३०७

खान दादाश,

मंत्रिपदाबद्दल अभिनंदन. छायाचित्र पाहिलं. ती पुढे कड असलेली नवी टोपी तुम्हाला शोभते. कपाळ झाकलं जातं.

माझा कागदही छापून आला आहे. ‘धाकटा भाऊ’ नाही. ‘एक जुना कारकून’ असं आहे. छापखान्यात चूक झाली असेल.

इथलं कळवतो, कारण सफरअली तुम्हाला कळवणार नाही. ज्या चहाच्या दुकानात मी तीस वर्षं बसलो, तिथे गेलो तर बाकावरचे सगळे एकेक करून कामाला लागले. न्हाव्याने अर्धी दाढी केली आणि वस्तरा थांबवून विचारलं, “मिर्झा, ते खरं आहे?” अर्धी दाढी घेऊन माणूस काय उत्तर देणार? मी म्हणालो, “आधी ही बाजू कर.” त्याने केली, पण कातडं सोलल्यासारखी. उठताना म्हणाला, “पुढच्या वेळेला दुसरीकडे जा. माझा बाप नूरअलीच्या मागावर बसायचा.”

एका म्हाताऱ्या विणकराने भर बाजारात मला हाक मारली. मी थांबलो. तो म्हणाला, “काही नाही. बघायचं होतं थांबतोस का.”

फरंगीस नऊ दिवस बोललेली नाही. जेवण वाढते, दिवा लावते. वर्तमानपत्र तिने घडी करून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलं आहे, जिथे कुराण असतं त्याच्या खालच्या फळीवर. फेकून देत नाही.

परवानगी अजून आलेली नाही. तुम्ही शपथविधीच्या गडबडीत असाल. शाळा सुरू होऊन महिना झाला. मुख्याध्यापिका तिची जागा धरून आहेत, पण किती दिवस धरणार? नोंदणी अधिकारी रोज विचारतो, “आला का तुमचा किल्ला?” त्याला आमची गंमत वाटते.

कागदाला कागद, असं तुमचा माणूस म्हणाला होता. माझा कागद पोचला आहे, साऱ्या देशाने वाचला आहे.

लुत्फअली


कर्मान, ३० आझर १३०७

अबुलफत्ह खान,

तुमच्या कचेरीचं उत्तर मिळालं. चार ओळी, यंत्रावर छापलेल्या, सही चिटणीसाची. ‘ज्या इसमाने एका देशभक्ताच्या मृत्यूस कारण झाल्याची जाहीर कबुली दिली आहे, त्यास एका प्रतिष्ठित घराण्याचे नाव धारण करू देणे उचित होणार नाही.’ वाक्य चांगलं आहे. कुठे सैल नाही. माझ्यानंतर ठेवलेला माणूस बरा लिहितो.

मी ते दोनदा वाचलं आणि मला राग आला नाही, कारण पहिल्या वाचनातच कळलं की ते बरोबर आहे. म्हणून आता जे लिहितो ते तुमच्यासाठी नवीन नाही. पण तुम्हाला लिहिलेल्या पत्रांत ते एकदाही आलेलं नाही, आणि मुरदादच्या पत्रात मी उलट लिहिलं होतं.

पत्र तुम्ही सांगितलंत. जागा मी सांगितली. तुम्ही हुक्का ओढत सहज विचारलं होतंत, “तो कुठे लपला असेल रे?” तुम्हाला ठाऊक नव्हतं. गावात दोनच माणसांना ठाऊक होतं, रंगाऱ्याला आणि मला. नूरअलीला तिथवर मीच नेलं होतं, माझ्या आईची बुरख्याची चादर त्याच्या डोक्यावरून घालून. वाटेत तो दबक्या आवाजात हसत होता. म्हणाला, “भाऊ, मी बाई म्हणून कसा दिसतो?” तो मला भाऊ म्हणायचा. सगळ्यांनाच म्हणायचा, म्हणून मला त्याची किंमत वाटली नाही.

तुम्ही म्हणालात, “या नौरोझला वरच्या दिवाणखान्यात बस. माझ्या शेजारी. लोकांना कळू दे आपण एकमेकांचे कोण.” मी लेखणी उचलली. तुम्ही ‘कारखान्याच्या आसपास’ असं सांगितलं होतंत. ‘रंगाऱ्याच्या तळघरात’ हे शब्द माझे. पहाटेपूर्वी हेही माझंच. मला माहीत होतं की पहाटे तो नमाजासाठी बाहेर पडतो.

नौरोझला मी वर बसलो. पाहुण्यांना तुम्ही म्हणालात, “हा आपला लुत्फी.” एवढंच.

तुमच्या चिटणिसाचं पत्र फरंगीसनेही वाचलं. मी लपवलं नाही. लपवायला घर लहान आहे. त्या दुपारी ती माझ्यासमोर येऊन बसली. पन्नास दिवसांनी बोलली.

“बाबा, काकांनी तुमच्याकडून लिहवून घेतलं ना?”

मी चिटणिसाच्या कागदाची घडी घातली.

“नावासाठी लिहिलंत. आता नावही दिलं नाही. तेवढं एकदा तोंडाने म्हणा, की ते खोटं होतं. मी शाळेत सांगेन, बाजारात सांगेन. त्या न्हाव्याच्या दारात उभी राहून सांगेन.”

तिचा चेहरा तुम्ही पाहिलेला नाही. ती खरंच गेली असती. आणि ते अर्धं खरंही होतं. आपलं सगळं घर अर्ध्या खऱ्यावर उभं आहे, आणखी एक वीट चढली असती. ‘हो’ म्हणायचं होतं फक्त. मी तोंड उघडलं ते हो म्हणायलाच.

“जागा मी सांगितली होती,” मी म्हणालो.

तिने तो कागद माझ्याकडे सरकवला. मग म्हणाली, “आणि नाव? ते माझ्यासाठी मागत होतात?”

“नाही.”

“मला वाटलंच होतं.” समोवारमधला निखारा विझत आला होता, तिने तो फुंकला, मला चहा दिला, स्वतः घेतला नाही. चादर डोक्यावर घेतली आणि निघाली. मी मागून गेलो. तिने या म्हटलं नाही, नको म्हटलं नाही.

कचेरीत अधिकारी म्हणाला, “पोरी, तू कशाला वेगळं घेतेस? वडिलांचं लाव की.”

“त्यांना अजून नाही.”

“मग मिळेपर्यंत थांब.”

“मी बावीस वर्षांची आहे. कायद्याने मला माझं घेता येतं. कलम सांगू?”

“नको बाई. तुम्ही शिकलेल्या पोरी म्हणजे...” त्याने चोपडी ओढली. तिने नाव सांगितलं. त्याने सगळ्या नोंदी बोट फिरवून पाहिल्या. “कुणी घेतलेलं नाही. कुणाच्या परवानगीची गरज नाही.” मग माझ्याकडे बघून म्हणाला, “मिर्झा, तुमचंही उरकून टाकू? दिवस संपत आले.” मी म्हणालो, तुम्हाला सुचेल ते लिहा. त्याने लिहिलं. चालतं.

निरीक्षकाला सांगून तिने कर्मानऐवजी बमची शाळा मागून घेतली. काल गेली. एक पेटी, एक गाठोडं, तिच्या आईची रजई. गाडीत आणखी दोन बायका होत्या, त्यांतल्या एकीने विचारलं, “कुणाची मुलगी गं तू?” तिने तिचं नवं नाव सांगितलं. बाई म्हणाली, “असले लोक ऐकले नाहीत कधी.” ती म्हणाली, “नवीन आहोत.”

मी चाकाजवळ उभा होतो. गाडी हलताना वाकून मला म्हणाली, “लिहायचं असेल तर लिहा. पाकिटावर नाव नीट घाला, नाहीतर तिथला टपालवाला परत धाडेल.” उत्तर देईन असं म्हणाली नाही.

पाकीट आज तयार केलं. तुमच्यासाठी तीस वर्षं पाकिटं लिहिली, पण यावरच्या दोन शब्दांना मला सबंध सकाळ लागली. आत काय घालावं ते अजून सुचलेलं नाही.

ते नाव तुम्हाला कळवत नाही. तुम्हाला कळलं, तर त्याचाही काही उपयोग काढाल.

लुत्फअली